ड्रायर दमावर असताना

आमच्या राईस मिलमधली सगळी मशीनं कॉम्प्युटरवर दिसायला लागली त्याला आता दोन हंगाम झाले. त्याआधी काय चालू आहे आणि काय थांबलंय हे मी आवाजावरून ओळखायची. ऑफिसात बसून वजनकाट्याच्या पावत्या लिहिताना एलिव्हेटरची खडखड थांबली की मान आपोआप वर व्हायची. आता मान स्क्रीनकडे वळते. हिरवं असलं की काम पुढे, लाल असलं की उठायचं. पायऱ्या मात्र पूर्वीइतक्याच चढाव्या लागतात.

मिल साकोलीच्या अलीकडे, हायवेपासून थोडी आत आहे. आम्ही उसना, म्हणजे उकडा तांदूळ करतो. धान हौदात भिजतं, वाफेवर उकडतं, ड्रायरमध्ये वाळतं, दोन दिवस गोदामात पडून राहतं आणि मग गिरणीत जाऊन त्याचा तांदूळ होतो. मी इथे काट्यावर पावत्या करायला लागले होते, हळूहळू सुपरवायझर झाले. त्याचं मुख्य कारण म्हणजे मला याद्या करायची सवय आहे. कुठल्या बेअरिंगला ग्रीस कधी दिलं, कोण कधी सुटीवर जाणार, कुठला पट्टा किती दिवस टिकला, हे दुसरं कुणी लिहून ठेवत नव्हतं.

शेठ नागपूरला राहतात, आठवड्यातून एकदा येतात. मिल तिच्या ताकदीनुसार चालत नाही, ही त्यांची जुनी तक्रार. ती खोटी नव्हती. हंगामात धान भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग गेटबाहेर लागायची आणि नेमकं अडलंय कुठे हे आम्हाला सांगता यायचं नाही. हौदवाले म्हणायचे वाफ कमी येते, बॉयलरवाला म्हणायचा भुसा ओला आहे, गिरणीवाला म्हणायचा ड्रायरच माल सोडत नाही. मलाही वाटायचं, हे एकदा नीट मोजलं पाहिजे. त्यामुळे मशीनवर सेन्सर बसणार, सगळ्याची नोंद आपोआप होणार असं कळलं तेव्हा मी खूश होते. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर मी या सिस्टीमच्या विरोधात होते असा काही जणांचा समज झाला.

सिस्टीम बसवायला नागपूरहून एक इंजिनिअर आले. चाळिशीचे, कमी बोलणारे, बूट खराब झाले तरी हौदाच्या काठापर्यंत जाणारे. त्यांनी प्रत्येक मशीनजवळ बटणं असलेली एक छोटी डबी लावली. मशीन दोन मिनिटांहून जास्त थांबलं की डबी वाजणार आणि ऑपरेटरनं कारणाचं बटण दाबेपर्यंत वाजतच राहणार. बटणांवर कुठली कारणं लिहायची ते मी द्यायचं होतं. बारा कारणांची जागा होती.

मी वही घेऊन एका दिवसात सगळीकडे फिरले. बॉयलरवाल्यानं आठ कारणं सांगितली, त्यातली चार म्हणजे माणसांबद्दलच्या तक्रारी होत्या आणि त्या चारांत एक मी होते. ती गाळली. हौदवाल्यांनी पंप सांगितला, गिरणीवाल्यानं पट्टा सांगितला. शेवटी ड्रायरकडे गेले.

ड्रायरवर जे ऑपरेटर आहेत त्यांना सगळे भाऊच म्हणतात, मीही. सानगडीचे. घरचं धान तलावाखालच्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांत पिकतं, ते मुलं पाहतात, आणि भाऊ मिल सुरू झाल्यापासून ड्रायरवर आहेत. साठीला आले आहेत. दोन्ही गुडघे दुखतात, म्हणून शिडी चढताना एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवतात. मी त्यांना विचारलं, ड्रायर कायकाय कारणानं बंद पडते?

"माह्या हाताखाली पडत नाही," ते म्हणाले.

मी हसले. वीज, पट्टा, भट्टी, ब्लोअर अशी नेहमीची चार कारणं त्यांच्या नावापुढे लिहिली आणि यादी पूर्ण केली. वीज सगळ्यांकडे जाते म्हणून ते बटण प्रत्येक डबीवर पहिलं ठेवलं.

चूक तिथे झाली. ती समजायला ड्रायरचं एक काम सांगावं लागेल. उकडलेलं धान अर्धं वाळलं की भाऊ गरम हवेचा ब्लोअर पाऊण तास बंद ठेवतात आणि धान तसंच राहू देतात. तेवढ्या वेळात दाण्याच्या पोटातला ओलावा बाहेरच्या बाजूला येतो, मग पुन्हा हवा सुरू करायची. एकदम वाळवलं तर वरून दाणा सुकतो, आत ओल राहते, चीर पडते आणि गिरणीत त्याचे तुकडे होतात. तांदळाची कनकी होते. या थांबण्याला आमच्याकडे ‘धान दमावर आहे’ असं म्हणतात. ‘ड्रायर बंद आहे’ असं कुणी म्हणत नाही. ते बंद पडणं नाहीच, ते वाळवण्याचंच काम आहे. म्हणून कारणं विचारल्यावर ते ना भाऊंना आठवलं, ना मला. इतकी वर्षं दिवसातून तीनदा ते वाक्य माझ्या कानावर पडत होतं आणि माझ्या यादीत आलं नाही. सिस्टीमला मात्र ब्लोअर थांबला म्हणजे थांबला.

पहिल्याच दिवशी धान दमावर गेलं आणि डबी वाजायला लागली. भाऊंनी मला बोलावणं पाठवलं होतं म्हणे. मी काट्यावर अडकले होते, येते म्हटलं आणि गेले नाही. शेवटी शेजारचा बॉयलरवाला त्यांना म्हणाला, वरचं दाब ना बापा, कान खाऊन राहिली. भाऊंनी वरचं दाबलं. डबी गप्प झाली. त्या दिवसापासून रोज तीनदा, धान दमावर घातलं की भाऊ ‘वीज गेली’ हे बटण दाबू लागले. त्यांच्या दृष्टीनं ते डबी बंद करायचं बटण होतं.

महिनाअखेरीला सिस्टीमनं आपणहून अहवाल काढला. रंगीत पट्ट्या होत्या. ड्रायरच्या पट्टीत विजेचा भाग एवढा मोठा होता की बाकीचं काही दिसतच नव्हतं. मी तो पाहिला. मनात आलं, इतकी वीज गेली का? मग वाटलं, गेली असेल, हंगामात जातेच. त्या दिवशीच्या माझ्या यादीत बरीच कामं उरली होती. मी अहवाल शेठकडे पाठवला आणि त्याच्यापुढे बरोबरची खूण केली.

शेठनी तो अहवाल जोडून वीज कंपनीच्या ऑफिसात लेखी तक्रार केली. मोठा जनरेटर घ्यायचं बोलणंही सुरू झालं. आठवडाभरानं वीज कंपनीचे एक अभियंते मिलमध्ये आले, सोबत लाईनमन आणि सबस्टेशनचं रजिस्टर. माणूस सभ्य होता. त्यांनी रजिस्टर माझ्या टेबलावर उघडलं, त्याच्या शेजारी आमचा अहवाल ठेवला आणि एकेका ओळीवर पेन ठेवत विचारलं, "मॅडम, तुमच्या ड्रायरची वीज रोज साडेबाराला जाते आणि बाजूच्या बॉयलरची जात नाही. हे कसं होतं, ते मलाही शिकवा."

साडेबारा म्हणजे दुपारच्या दमाची वेळ. ते ऐकलं आणि मला सगळं कळलं. मी चहा मागवला. त्यांनी तो प्यायला आणि रजिस्टर मिटलं, आणि त्या सभ्यपणाचीच जास्त लाज वाटली.

संध्याकाळी शेठचा फोन आला. शेठ ओरडत नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं की बटण कुणी दाबलं. मी सगळं सांगितलं, दम म्हणजे काय तेही सांगितलं. ते म्हणाले, आळशी माणूस मी सांभाळून घेतो, खोटी नोंद करणारा नाही. सोमवारपासून त्याला ड्रायरवरून काढा आणि पोत्यांवर टाका. पोत्यांवर म्हणजे गोदामात, लोडिंगला. त्या गुडघ्यांनी भाऊ तिथे चार दिवस टिकले नसते, हे शेठनाही माहीत होतं.

मी म्हटलं, यादी माझी होती.

"यादी तुमची, बोट त्याचं," शेठ म्हणाले.

मी तरी सोडलं नाही. हा वेळ खरंच लागतो, बटण नव्हतं म्हणून चुकीचं दाबलं गेलं, हे मी दाखवून देते असं म्हटलं. त्यांनी पंधरा दिवस दिले. पाऊण तास ब्लोअर बंद ठेवणं गरजेचं आहे असं दिसलं तर भाऊ ड्रायरवर राहतील, नाहीतर पोत्यांवर जातील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाऊंना हे जसंच्या तसं सांगितलं. ते चिंधीनं हात पुसत होते, ते पुसतच राहिले.

"मी खोटं कायले बोलू जी? माह्या कामाचं बटणच नव्हतं त्याच्यात."

"मी तुम्हाला विचारलं होतं ना, भाऊ."

"तुमी बंद पडाचं विचारलं. दमाचं कोणी विचारलं मले?"

मी वही उघडली आणि चाचणी कशी करायची ते लिहायला बसले.

मी तीन प्रकार ठरवले. एका खेपेला दम द्यायचाच नाही. एकीला पंचवीस मिनिटं द्यायचा. एकीला भाऊंचा नेहमीचा पाऊण तास. इंजिनिअरना फोन केला, त्यांनी नागपुरात बसूनच एक तात्पुरतं बटण तयार करून दिलं आणि वेळा अचूक नोंदल्या जातील असं पाहिलं. प्रत्येक खेपेतलं एक पोतं वेगळं काढून त्याला लाल, पांढरा आणि पिवळा दोरा बांधला. दोन दिवस गोदामात ठेवून मग दळलं. कुठला दोरा कशाचा हे फक्त माझ्या वहीत होतं. तांदूळ साफ करणाऱ्या दोन बायकांना घेऊन मी शेडमध्ये परात मांडून बसले. प्रत्येक पोत्यातली एकेक मूठ घ्यायची, अख्खा दाणा एकीकडे, तुकडा एकीकडे. आमच्या तिघींच्या माना खाली घातलेल्या बघून हमालांपैकी एकजण म्हणाला, मॅडमच्या घरी लगीन दिसते, तांदूळ निवडाले बसल्या. त्यातली एक बाई मान वर न करता म्हणाली, हो, तुयंच आहे, पोरगी काही भेटून नाही राहिली.

दम न दिलेल्या धानाची कनकी परातीत डोळ्यांना दिसेल एवढी होती. शंकाच नव्हती. पण पंचवीस मिनिटांची ढिगली आणि पाऊण तासाची ढिगली सारखी होती. मी दोन्ही पुन्हा मिसळून पुन्हा निवडल्या. सारखीच. मला निकाल आवडला नाही म्हणून चार दिवसांनी सगळी चाचणी पहिल्यापासून पुन्हा केली. तेच आलं.

निकाल घेऊन मी ड्रायरकडे गेले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. धान दमावर होतं. भाऊ डबा उघडून पोत्यांच्या चवडीवर बसले होते. मी त्या दोन ढिगल्यांच्या कागदी पुड्या त्यांच्यापुढे धरल्या आणि फरक नाही असं सांगितलं. त्यांनी पुड्या घेतल्या नाहीत.

"मले मालूम आहे जी," ते म्हणाले. "धानाले पंचवीस मिनिटं पुरते. मले नाही पुरत."

मी तिथेच बसले. त्यांनी मग समजावून सांगितलं, जेवता जेवता, अगदी सरळ. ब्लोअरच्या तोंडाशी जाळी आहे, तिच्यात भुसा आणि धूळ अडकते. ती ब्लोअर बंद असतानाच साफ करता येते. त्यासाठी शिडी चढायची, जाळी खोलायची, झटकायची, परत लावायची, उतरायची. तरुणपणी दहा मिनिटं लागायची, आता वीस लागतात. उरलेल्या वेळात दुपारच्या दमाला जेवण, आणि सकाळच्या व संध्याकाळच्या दमाला नुसतं बसणं. ब्लोअर चालू असताना उष्णतेच्या काट्यावरून नजर काढता येत नाही, उष्णता वाढली तर सगळी खेप जाते. म्हणजे बारा तासांत त्यांना बसायला मिळतं ते फक्त धान दमावर असताना. दम पाऊण तासाचा कधी झाला हे त्यांनाही आठवत नव्हतं. गुडघ्यांसोबत वाढत गेला असेल.

त्यांनी मला काही मागितलं नाही. मागितलं असतं तर बरं झालं असतं, नाही म्हणून मोकळी झाले असते.

दोन दिवस मी अहवाल पाठवला नाही. पाऊण तास लागतो असं लिहिणं अवघड नव्हतं. दोऱ्यांचे रंग माझ्या वहीत होते, दुसऱ्या कुणाला माहीत नव्हते. पण ज्या खोट्या नोंदीपायी हे सगळं झालं, तशीच एक मी स्वतःच्या हातानं लिहायची, हे मला जमेना. शिवाय गेटबाहेर ट्रॅक्टर उभे होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यात सानगडीचेच तीन होते, आदल्या दिवसापासून थांबलेले. दिवसातून तीनदा वीस मिनिटं वाचली तर एक तास मिळतो, आणि तासाभरात ती रांग किती हलते हे मला ठाऊक आहे. मी पंचवीस मिनिटं लिहिलं. खाली दुसरा मुद्दा घातला, की जाळी साफ करण्यात हा सगळा वेळ जातो, तर ऑपरेटरच्या जेवणासाठी दुपारी वीस मिनिटं वेगळी धरावीत आणि त्याचं एक बटण द्यावं.

पहिला मुद्दा शेठनी लगेच मान्य केला. दम देणं गरजेचं आहे हे सिद्ध झालं, वेळही कमी झाला, भाऊ ड्रायरवरच राहणार. त्यांना मनापासून आनंद झाला होता, फोनवर मला शाबासकी दिली. दुसऱ्या मुद्द्यावर म्हणाले, "जेवायला मी कुणाला नाही म्हटलं? मशीन कशाला थांबवता? बदली माणूस उभा करा आणि जेवू द्या."

बदली माणूस कुठे आहे, असं मी विचारलं. ड्रायर कळणारा दुसरा कुणी मिलमध्ये नाही. ते म्हणाले, ते तुम्ही बघा, तुम्ही व्यवस्थित बघता.

आता डबीवर ‘धान दमावर’ असं बटण आहे. भाऊ तेच दाबतात. पंचविसावं मिनिट संपलं की स्क्रीन लाल होते, म्हणून ते चोविसाव्याला ब्लोअर सुरू करतात. दर चार दिवसांत ड्रायरची एक खेप जास्त निघते. गेटबाहेरची रांग कमी झाली, हे खरं आहे आणि ते मी सांगितलंच पाहिजे. सकाळ-संध्याकाळचं त्यांचं बसणं गेलं. त्यावर मला काही सुचलेलं नाही. मी जाळी खाली आणून लावता येईल का म्हणून गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याला दाखवली, तो म्हणाला पूर्ण डक्ट बदलावा लागेल. शेठ म्हणाले, हंगाम संपल्यावर पाहू. दोन हंगाम संपले.

दुपारचं तेवढं मी करते. एकला पाच मिनिटं कमी असताना वजनकाट्यावरचं काम हाताखालच्या पोरांवर न सोडता सरळ बंद करते, ड्रायरकडे जाते आणि पोत्यांच्या चवडीवर बसते. भाऊ जाळी लावून उतरलेले असतात, ब्लोअर सुरू करून दुपट्ट्यानं घाम पुसत मला उष्णतेचा काटा दाखवतात, इथून वर जाऊ देऊ नका, आणि बॉयलरमागच्या सावलीत जेवायला जातात. पहिले आठ दिवस त्यांना जेवण गेलं नाही, तिथूनच विचारायचे, किती झालं जी? आता विचारत नाहीत. मी काट्याकडे बघत बसते. आवाज इतका असतो की दुसरं काही करता येत नाही, फोनही ऐकू येत नाही.

मागच्या आठवड्यात शेठ आले तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी मला पोत्यांवर बसलेलं पाहिलं, ऑपरेटर कुठे आहे विचारलं. जेवतात, मी म्हटलं. त्यांनी मोबाईल काढून ड्रायरचं पान पाहिलं. हिरवं होतं. छान, चालू द्या, असं म्हणून ते हौदाकडे गेले.

थोड्या वेळानं भाऊ आले. हात ओले होते. त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग वाकून भट्टीची झडप बोटभर लावली.

"जरासक वर चढलं होतं," ते म्हणाले.

"स्क्रीनवर तर हिरवं होतं, भाऊ."

"असन जी. दाण्याले लागलं असतं." मग म्हणाले, "तुमी जेवल्या का?"

जेवते आता, मी म्हटलं आणि उठले. माझा डबा ऑफिसात होता. वजनकाट्यावर दोन ट्रॅक्टर येऊन उभे होते आणि एकाचा ड्रायव्हर खाली उतरून मला शोधत होता.